रसघरातलं शाबूत सील

१

साखर लाल निघाली.

शहाऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचा पहिला चहा मी नीट फुंकूनही घेतला नव्हता, तेवढ्यात चेअरमनसाहेबांचा निरोप आला: असाल तसे गोदामात या. गेलो. पोती उसवून ठेवलेली, आणि आमचे चेअरमन आबाराव मूठभर साखर हातात घेऊन उभे. पांढरी साखर म्हणायची लाज वाटावी असा रंग.

"मुनवर, ही चहात टाकशील का?"

"फुकट मिळाली तर टाकीन की," मी म्हणालो. आबारावांना हसू आलं नाही. मग मीही तोंड गंभीर केलं.

मी मुनवर शेख, कारखान्याचा कामगार अधिकारी. या खुर्चीवरचा माणूस कामगारांना साहेबांचा वाटतो आणि साहेबांना कामगारांचा. दोन्हीकडच्या शिव्या एकट्यानं खायच्या. वर मला पित्ताचा त्रास. यंत्रातलं तर ओ का ठो कळत नाही, आणि हे मी आबारावांना तिथंच सांगून टाकलं.

"यंत्र कळायची गरज न्हाय. मानसं कळतेत ना तुला?" आबाराव म्हणाले. "घातपात झालाय. घातकी हुडकून दे."

त्या साली पावसानं असा दगा दिला होता की विचारू नका. वाशी-येरमाळ्याच्या पट्ट्यात बायका टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायच्या. विहिरींचा तळ खरवडून सभासदांनी ऊस जगवला होता. त्या उसाची साखर अशी निघाली म्हटल्यावर आबारावांचं डोकं फिरलं, त्यात नवल नव्हतं. माझंही फिरलंच होतं, पण रिकाम्या पोटी मला रागावता येत नाही.

उसाचा रस गाळून, त्यात चुना सोडून तो निवळतात, ती जागा म्हणजे रसघर. चुना जास्त पडला की रस तांबडा होतो, कमी पडला की साखर रसातच मरते. इतकी वर्षं हा चुना पिराजी सोडायचा, हातानं चाक फिरवून. यंदा तिथं यंत्र आलं. चुना किती हवा ते आपलं आपण बघणारं, आणि किती जोरानं सोडायचा तेसुद्धा आपलं आपण शिकणारं. त्याला 'ट्यून' नावाचं एक बटण होतं. बटण दाबलं की यंत्राची शिकवणी सुरू. आल्याआल्याच त्याला काचेची खोली आणि थंड हवा मिळाली, म्हणून रसघरातली माणसं त्याला जावई म्हणायची.

"बोर्डासमोर ट्यून केलं, झकास झालं," आबाराव बोटं मोडत म्हणाले. "दुसऱ्या दिशीपासून रस कधी तांबडा, कधी आंबट. परत ट्यून केलं, परत तेच. मग पिराजी भाचीच्या लग्नाला परंड्याला गेला. तो नसताना ट्यून केलं, तर यंत्र सुतासारखं सरळ! पुढं चुन्याचा नवा ट्रक आला. चुना निराळा निघाला, म्हणून परत ट्यून करावं लागलं. तोवर पिराजी आलेला. आन् परत ही लाल साखर. आता सांग."

"म्हणजे पिराजी?"

"शनिवारी बोर्ड बसतंय. ज्याचा हात त्या चाकाला लागला, त्याचं नाव मला कागदावर पायजे. तो मानूस घरी जाणार, मग तो कुणी का असंना. तू नाव आणलं न्हाईस, तर मी पिराजीचं घालतो."

दुष्काळात नोकरी जाणं म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको होतं. पिराजीच्या वयाच्या माणसाला मग रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बसावं लागलं असतं. तेही घातकी हा शिक्का कपाळावर घेऊन.

२

रसघरात पाय ठेवला आणि शिंका सुरू झाल्या. पाण्याच्या टंचाईमुळं तिथली धुलाई कित्येक दिवस बंद होती. पाइप, कठडे, जिने, सगळ्यावर चुन्याच्या धुळीचा पांढरा थर.

आमचे चीफ केमिस्ट नानासाहेब मला लोखंडी जिन्यानं वरच्या माचाणावर घेऊन गेले. टाकीच्या आड ते जुनं हातचाक होतं. चुन्याची मोठी धार अजून या चाकातूनच जायची, आणि वरची कमीजास्त यंत्र आपल्या व्हॉल्व्हनं करायचं. चाकाला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलेलं होतं.

"वजनकाट्यावरचं सील आहे," नानासाहेब अभिमानानं म्हणाले. "परवाच्या ट्यूनिंगनंतर लगेच मी स्वतः मारलं. तोडल्याशिवाय हे चाक तसूभर हलणार नाही."

मी सील निरखलं. शाबूत होतं.

"आणि साखर लाल झाली ती सील मारल्यावर?"

"हो ना! म्हणून तर म्हणतो, हे यंत्रच भिकार आहे. मी पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतोय, परत पाठवा. पण आमचं ऐकतो कोण?"

नानासाहेबांना यंत्र नको होतं हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. सील मारायचा चिमटाही त्यांच्याच खिशात. मी त्यांच्याकडं जरा वाकड्या नजरेनं बघितलं, तेव्हा ते भडकले.

"माझ्यावर संशय घेता, शेखसाहेब? अहो, तिन्ही पाळ्यांत रस बिघडतोय! मी काय तिन्ही पाळ्या इथं चाक फिरवत बसतो?"

यातलं एक वाक्य मी मनात ठेवून घेतलं. तिन्ही पाळ्यांत. पिराजी तर फक्त दिवसपाळीला असायचा.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं. भिंतीवर रसाचा गुण दाखवणारी मोठी तबकडी होती: चुना जास्त तर काटा वर, कमी तर खाली. तिचा काटा वर चढला, थबकला, धाडकन खाली आला, परत वर. माचाणावर आम्ही दोघंच होतो. सील माझ्या डोळ्यांसमोर, जसंच्या तसं. चाकाला कुणाचाही हात नव्हता, आणि रस बेभान झाला होता.

३

चुना कालवण्याचं काम चांगुणाबाईंकडं होतं. बाई तोंडाच्या फटकळ. मी नुसतं "चुना घट्ट-पातळ होतो का हो?" एवढंच विचारलं, तर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्या चुन्याला नाव ठिवायला आलाव व्हय, भाई? पानी मोजून मिळतंय, तर चुना बी मोजूनच कालवती म्या. पिराजी लगनाला गेला त्या टायमाला बी ह्योच हात व्हता, तवा कसं ग्वाड लागलं समद्यास्नी?"

"तसं नाही हो बाई. पिराजी परंड्याला गेला तेव्हा यंत्र शिकवताना तुम्ही होता का इथं?"

"व्हते की. काय सांगू! काटा असा नाचला, असा नाचला, का नानासायेब तर जिन्याकडं पळाले. म्हणलं आता रस उतू जातंय. पर नंतर लई ब्येस चाललं."

"आणि बोर्डासमोर शिकवलं त्या दिवशी?"

"त्या दिशी? तवा काटा जागचा हलला बी न्हाय जनू. जरासा थरथरला. लोकांनी टाळ्या वाजिवल्या. आन् दुसऱ्या दिशी बोंब!"

मी चांगुणाबाईंचे आभार मानले. त्यांनी ते घेतले नाहीत, कारण चुन्याचा अपमान अजून मनात होता.

पिराजी चुन्याच्या टाकीजवळच्या बाकड्यावर बसला होता. अंगानं काटकुळा, मिशा पिकलेल्या, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"जय भीम, मामा."

"सलाम, भाई. बसा."

मी बसलो आणि उगाच आडवळणं न घेता विचारलं. "मामा, यंत्र चाललं तर तुमची जागा जाईल, अशी भीती वाटते का?"

"वाटती की. खोटं कशाला बोलू?"

"मग यंत्राला तुम्ही काही केलं का?"

तो पायाच्या अंगठ्यानं धूळ उकरत म्हणाला, "भाई, तुमास्नी नावच पायजे ना? माझं लिवा. आन् इंजिनेरसायबाला ह्यात वढू नका."

मी चाट पडलो. माझ्या नोकरीत मी नाही-नाही म्हणणारी शेकड्यांनी माणसं बघितली. आपणहून स्वतःचं नाव देणारा हा पहिलाच. आणि त्याला यंत्र सांभाळणाऱ्या इंजिनिअरची काळजी कशाला?

४

इंजिनिअर गुंडाप्पा उमरग्याकडचा. पोरगेला, सरळ, बोलताना मधूनच कानडी हेल निघायचा. तो काचेच्या खोलीत यंत्रासमोर डोकं धरून बसला होता.

"शेखसाहेब, मला पिराजीमामांवर संशय घ्यायचा नाही. पण ते नसताना यंत्र चांगलं शिकतं, असले की बिघडतं. मी काय समजायचं? दुपारी त्यांच्याच डब्यातली भाकरी खातो मी. घास उतरत नाही हो."

"ते राहू दे. मला एवढंच सांग, हे यंत्र शिकतं म्हणजे करतं काय? आणि इंग्रजी झाडू नको, माझं पित्त खवळतं."

तो पहिल्यांदाच हसला. "बटण दाबलं की यंत्र मुद्दाम चुना थोडा वाढवतं, मग थोडा कमी करतं. आणि रस किती हेलकावतो ते बघतं. रस पटकन हेलकावला तर ते समजतं, गडी चपळ आहे, हळू हात लावू. रस हललाच नाही तर समजतं, गडी सुस्त आहे, जोर लावू."

"म्हणजे शिकताना रस हेलकावायलाच पाहिजे?"

"हेलकावला नाही तर ते शिकणार काय?"

मी खुर्चीवरून उठलोच. "मग बोर्डासमोर काटा नुसता थरथरला, तेव्हा तू टाळ्या कशाला घेतल्यास रे शहाण्या?"

गुंडाप्पाचं तोंड उघडं राहिलं. "मला वाटलं... रस सुस्त असेल. यंत्रानंही तेच ठरवलं होतं. सगळे खूश होते. मीही खूश झालो."

आता मला धागा सापडला होता. ज्या दिवशी परीक्षा देखणी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र वाया गेलं. ज्या दिवशी परीक्षा बघवत नव्हती, त्यानंतर ते नीट चाललं. म्हणजे लाल साखरेच्या दिवशी चाक कुणी फिरवलं, हा प्रश्नच खुळा होता. नानासाहेबांचं सील, तिन्ही पाळ्या, सगळं खरं होतं. त्या वेळी चाकाला कुणीच हात लावला नव्हता. खोड आधीच लागली होती, शिकताना.

"गुंडाप्पा, यंत्र शिकत असताना कुणी हातचाकानं रस सावरून धरला तर?"

"म्हणजे यंत्र चुना वाढवतंय तेव्हा चाक जरा आवळायचं, आणि कमी करतंय तेव्हा सोडायचं?" तो हळूहळू म्हणाला. "मग यंत्राला रस सुस्त वाटेल. आणि तो सावरणारा हात निघून गेला की... शेखसाहेब, समोरचा बहिरा आहे असं समजून माणूस ओरडतो ना, तसं होईल ते. रस घाबराघुबरा होऊन नाचणार."

मी त्याला ओढत वर माचाणावर नेलं. सगळ्या कठड्यांवर, सगळ्या चाकांवर धुळीचा थर होता. सील मारलेलं हातचाक तेवढं जवळून बघितलं. नानासाहेबांची तार मधल्या दांड्याला होती, पण चाकाची कड दोन जागी घासून लख्ख झालेली. कधीमधी हात लागून इतकी चकाकी येत नाही. त्या चाकाला कुणीतरी बराच वेळ, बारीक-बारीक, पुढं-मागं खेळवलं होतं.

"म्हणजे पिराजीमामाच," गुंडाप्पा पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले.

"हात पिराजीचाच," मी म्हणालो. "पण यंत्राचं वाटोळं करायला निघालेला माणूस त्याची परीक्षा इतकी देखणी कशाला करून देईल? शत्रू असा असतो का?"

५

पिराजी बाकड्यावरच होता. गुंडाप्पा समोर उभा राहिल्यावर त्यानं मान खाली घातली.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही जावयाला पाडलं नाही. हाताला धरून चालवलंत. व्हय ना?"

त्याचा आवाज फुटला.

"त्या दिशी आख्खं बोर्ड काचंच्या खोलीत. सायबानं बटण दाबलं, आन् काटा लागला की वर सरकायला. म्या वरनं बघितलं, सायबाचं त्वांड पांढरंफटक. म्हणलं, गेलं पोरगं! चार लोकांत फजिती व्हतीया. माझा हात चाकावरच व्हता. काटा वर निघाला की जरा आवळलं, खाली आला की जरा सोडलं. समद्यांच्या नजरा काट्यावर, वर कोण बघतंय?"

"आणि पुढच्या खेपेला?"

"यंतर लईच नाचाया लागलं. म्हणलं, अजून कच्चं हाय, जास्त आधार पायजे. म्हणून जास्त धरलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. जितकं बिघडलं तितकी त्यानं मदत केली, आणि जितकी मदत केली तितकं ते बिघडलं.

"अहो मामा, मी पांढराफटक पडलो तो चेअरमनसाहेबांना घाबरून!" गुंडाप्पा ओरडला. "काटा हलायलाच पाहिजे होता!"

"मला काय ठावं? मला कुनी सांगितलं?"

मी गुंडाप्पाकडं वळलो. रोज दुपारी दोघं एका डब्यातून जेवत होते. मग सांगितलं का नाही? मी त्याला तेच विचारलं.

"कसं सांगणार, शेखसाहेब? यांची जागा घेणाऱ्या यंत्राचं कौतुक यांच्याच तोंडावर, यांचीच भाकरी खात? जीभ रेटली नाही माझी. उमरग्याचं बोलायचो, उसाचं बोलायचो. यंत्राचं नाव काढायचो नाही."

"पण मामा, तुमची जागा जाणार हे ठाऊक असून तुम्ही त्यालाच हात दिलात?" मी विचारलं.

पिराजीनं गुंडाप्पाकडं बघितलं. "भाई, इतकी वर्सं हितं हाय म्या. लई सायेब आले, गेले. माझ्या डब्यातली भाकर मागून खानारा ह्यो पयलाच. त्याची फजिती व्हताना म्या हात बांधून हुबं ऱ्हावं व्हय? आन् हे बाहीर फुटलं असतं तर लोक म्हनले असते, इंजिनेराचं यंतर पिराजीच्या हातानं पास झालं. त्याला कुनी ठिवला असता का? माझं काय, म्या फोडीन खडी."

गुंडाप्पा त्याच्या शेजारी बाकड्यावर बसला आणि पोरासारखा रडला. मीही रुमाल काढून डोळे पुसले. ते चुन्याच्या धुळीच्या नावावर खपवलं.

कोडं सुटलं होतं, पण पेच तसाच होता. ज्याचा हात चाकाला लागला त्याचं नाव, एवढंच आबारावांना हवं होतं. आणि ते नाव पिराजीचंच होतं. आबाराव शब्दाचे इतके पक्के, की त्यासाठी त्यांनी सख्ख्या मेहुण्याला गेटवरून परत पाठवलं होतं.

६

शनिवारी बोर्डासमोर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही.

आबारावांनी पेनाचं टोपण काढलं. "मुनवर, तू म्हणतोस ते खरं असंल. त्याचा हेतू चांगला असंल. पण मी सभासदांना शब्द दिलाय. हात लागला तो घरी. नाव कागदावर दे."

"कागदावर देतो, साहेब. पण आधी माझं म्हणणं खरं की खोटं ते बघून घ्या. सील काढून, पिराजीला चाकाजवळ उभं करून ट्यून करू. त्यानं हात लावला नाही आणि यंत्र सुधारलं, तर पुढचं तुम्ही बोला."

"चल. मी स्वतः चाकाजवळ हुबा ऱ्हातो," आबाराव म्हणाले.

सगळी वरात रसघरात गेली. नानासाहेबांनी सील कापलं. माचाणावर चाकाच्या एका बाजूला आबाराव, दुसऱ्या बाजूला पिराजी, मधे मी. गुंडाप्पानं खालून मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, काटा नाचणार आहे. नाचू द्या. मामा, ऐकलंत ना? नाचू द्या!" या खेपेला त्यानं बटण दाबायच्या आधी पिराजीला सांगितलं.

बटण दाबलं. काटा वर चढला.

पिराजीचे हात उचलले गेले. त्यानं ते मागं घेतले, काखेत दाबून धरले. काटा खाली कोसळला, परत वर उसळला. पिराजीच्या कपाळावर घाम आला. ओठ हलत होते. त्याला किती जड जात होतं ते मला शेजारी उभं राहून कळत होतं. एवढ्या वर्षांत रस असा हेलकावताना त्यानं कधी नुसता बघितला नव्हता.

काटा आणखी वर गेला. पाइपांतून खळखळ ऐकू यायला लागली. सभासदांचा तो ऊस, तो रस. आबारावांच्या तोंडाचं पाणी पळालं.

"अरे, उतू जातंय! धरा की कुणीतरी!" ते ओरडले, आणि स्वतःच पुढं झाले. दोन्ही हात चाकाच्या कडेवर पडले.

पिराजीनं झडप घालून त्यांचं मनगट पकडलं.

"चेअरमनसायेब, हात मागं! शिकू द्या त्याला!"

त्याच्या आवाजात अशी जरब होती की आबारावांचे हात जागच्या जागी थिजले. खाली सगळे वर बघत राहिले. चेअरमनला असं कुणी धरलेलं या कारखान्यानं कधी बघितलं नव्हतं. काटा आणखी थोडा नाचला, मग त्याचे हेलकावे सारखे पडू लागले. यंत्राचा दिवा विझला. शिकवणी संपली. काटा हळूहळू मधोमध आला आणि तिथंच राहिला. रस पिवळसर, निवळ, जसा हवा तसा वाहत होता.

मी खिशातून कागद काढला. आबारावांचे हात अजून चाकावरच होते.

"साहेब," मी म्हणालो, "ज्याचा हात चाकाला लागला त्याचं नाव लिहायचंय. कुणाचं लिहू?"

आबारावांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग त्यांना हसू फुटलं, पोट हलेपर्यंत. खाली बोर्डातली माणसंही हसायला लागली, नानासाहेबसुद्धा.

"फाड तो कागद," ते म्हणाले. "आन् आजपास्नं यंत्र शिकायला बसलं की पिराजी हितं पहाऱ्याला. कुणाची मदत चालू द्यायची न्हाय. मी आलो तरी."

"व्हय, सायेब," पिराजी म्हणाला, आणि मग त्यानं त्यांचं मनगट सोडलं.